अ‍ॅक्सेसमधली गप्प बसणारी चूक: जॉबवर्कचं रजिस्टर, तारीख आणि बाकीच्या सेटिंग



मागच्या व्हिडिओत आपण मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये जॉबवर्कचं रजिस्टर बनवलं. टेबल, फॉर्म, एक रिपोर्ट, सगळं एका व्हिडिओत बसवायचं म्हणून सेटिंगचा भाग मी घाईत उरकला. तो इथे नीट लिहिते. व्हिडिओ बघितला नसेल तरी चालेल. तुमच्याकडे अ‍ॅक्सेसची एक फाइल असली आणि तिच्यात रोज कुणीतरी नोंदी करत असलं, तर हे तुमच्यासाठी आहे.

सुरुवात भोसरीच्या एका काकांपासून. दोन व्हीएमसी, एक जुनं लेथ आणि हाताखाली सहा माणसं. चाकणच्या एका कंपनीचं कास्टिंग यांच्याकडे येतं, मशिनिंग होऊन परत जातं. आलेला माल, गेलेला माल, चलन नंबर, तारीख हे सगळं पुतण्याने अ‍ॅक्सेसमध्ये बसवून दिलेलं. रिपोर्टही होता: कुठला माल आपल्याकडे दहा महिन्यांहून जास्त पडून आहे, त्याची यादी. पुतण्या हुशार होता, यात शंका नाही.

ही यादी कशासाठी, ते नवीन लोकांना सांगते. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे कंपनी कर न भरता जॉबवर्कला माल पाठवू शकते, पण तो माल एक वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तिथूनच पुढे विकला जावा लागतो. मशीनसारख्या भांडवली वस्तूंना तीन वर्षं आहेत. साचे, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना ही मुदत नाही. साध्या मालाचं वर्ष उलटलं आणि मुदतवाढ घेतलेली नसली, तर ज्या दिवशी माल पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरतात. कर कंपनीला भरावा लागतो आणि त्यावर व्याजही. आता कंपनी ते कुणाच्या बिलातून कापून घेणार, हे मी सांगायला नको.

काकांचंही तेच झालं. २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीच्या अकाउंटवाल्यांचा फोन आला, तुमच्याकडे मागच्या फेब्रुवारीचा माल पडून आहे. काका ठाम, "मॅडम, आमची यादी सांगते सहा महिनेच झालेत." रॅकवर कास्टिंग तसंच होतं, ऑर्डर थांबवलेली म्हणून कुणी हात लावला नव्हता. पैसे बिलातून कापले गेले. काका माझ्याकडे आले ते फाइल पेन ड्राइव्हवर घेऊनच. म्हणाले, "सॉफ्टवेअर बिघडलंय, दुरुस्त करून द्या."

सॉफ्टवेअर बिघडलेलं नव्हतं. एकही एरर मेसेज येत नव्हता. मी माझ्या लॅपटॉपवर फाइल उघडली, ती नोंद शोधली, तारीख दिसली ०२-०९-२०२४. म्हणजे २ सप्टेंबर. काका म्हणाले, "छे, आमच्या कॉम्प्युटरवर ९ फेब्रुवारीच दिसते." संध्याकाळी त्यांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बघितलं. खरंच, तिथे दिसत होतं ९/२/२०२४. नोंद एकच, फाइल एकच, आणि दोन कॉम्प्युटरवर दोन वेगळ्या तारखा!

तारीख कुठे उलटते

अ‍ॅक्सेस तारीख अक्षरांत साठवत नाही. ३० डिसेंबर १८९९ पासून किती दिवस झाले, तो एक आकडा साठवतं. तुम्ही टाइप केलेली तारीख वाचताना आणि पडद्यावर दाखवताना ते विंडोजला विचारतं, इथे दिवस आधी की महिना आधी? काकांचा कॉम्प्युटर असेंबल करून देणाऱ्याने विंडोज टाकताना रीजन युनायटेड स्टेट्सच ठेवलं होतं. अमेरिकेत महिना आधी. ऑपरेटरने ९/२/२०२४ टाइप केलं, अ‍ॅक्सेसने ते नववा महिना, दुसरा दिवस असं समजून घेतलं. पुन्हा दाखवताना महिना आधी ठेवूनच दाखवलं, म्हणून दिसलं ९/२/२०२४. ऑपरेटरला वाटलं बरोबर आहे. त्याची काय चूक?

मग पुतण्याला वर्षभर कळलं कसं नाही? कारण सगळ्या तारखा उलटत नाहीत. २५/४/२०२४ टाइप केलं तर पंचविसावा महिना नसतो, मग अ‍ॅक्सेस स्वतःच अदलाबदल करून २५ एप्रिल धरतं. गुपचूप, काहीही न विचारता. म्हणजे १३ तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदी बरोबर. १ ते १२ तारखेच्या उलट्या, त्यातही ५ मे, ६ जून अशा दिवस-महिना एकच असलेल्या सोडून. हिशोब केलात तर वर्षातल्या १३२ तारखा अशा निघतात. एक तृतीयांशापेक्षा जास्त! पण कुठलाही महिना उघडून बघितला तर अर्ध्याहून जास्त नोंदी बरोबर दिसतात, त्यामुळे संशय येत नाही.

यातल्या काही चुका निरुपद्रवीसुद्धा असतात. ३ एप्रिलचा माल ४ मार्चचा दिसला तर यादी महिनाभर आधी ओरडते, आपण वैतागतो आणि सोडून देतो. खरा धोका उलट बाजूला. १२ जानेवारी १ डिसेंबर होऊन बसली की यादी जवळजवळ अकरा महिने उशिरा जागी होते.

आता दुरुस्ती

पहिलं काम विंडोजमध्ये. विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे रीजनल फॉरमॅट इंग्लिश इंडिया करा. विंडोज १० मध्ये टाइम अँड लँग्वेजमध्येच रीजन नावाचं पान आहे. ही सेटिंग प्रत्येक विंडोज युजरची वेगळी असते. काउंटरवर दिवसा एक लॉगिन आणि रात्रपाळीला दुसरं असेल, तर दोन्हीत जाऊन बघा. सगळे कॉम्प्युटर बघा, गोडाऊनमधला जुना डबासुद्धा.

तपासायची सोपी युक्ती आहे. तारखेच्या कॉलमचा फॉरमॅट तात्पुरता लाँग डेट करा आणि नुसतं १/२ टाइप करून एंटर मारा. १ फेब्रुवारी आली तर ठीक. २ जानेवारी आली तर तो कॉम्प्युटर अमेरिकेत बसलाय. बघून झालं की ती नोंद एस्केप दाबून रद्द करा.

दुसरं काम जुन्या नोंदींचं, आणि इथे लोक फसतात. रीजन बदलल्यावर पुढच्या नोंदी बरोबर होतील, पण साठवलेला आकडा तोच राहतो. जुनी चूक फक्त आता उघडी दिसेल. ती अपडेट क्वेरीने सुधारता येते. अपडेट टूच्या ओळीत डेटसीरियल वापरायचं. त्याचा क्रम असतो वर्ष, महिना, दिवस. आपण मुद्दाम वर्ष, मग साठवलेल्या तारखेचा दिवस, मग साठवलेल्या तारखेचा महिना असं द्यायचं, म्हणजे दोघांची जागा बदलते. क्रायटेरियात अट घालायची की साठवलेल्या तारखेचा दिवस १२ किंवा त्याहून कमी असेल तरच.

पण थांबा. ही क्वेरी फक्त त्या बिघडलेल्या कॉम्प्युटरवर झालेल्या नोंदींवर चालवायची. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आलेल्या बरोबर तारखांवर चालवलीत तर त्या उलट्या होतील. आणि एकदा चालवली की पुन्हा चालवायची नाही, नाहीतर सगळं परत पहिल्यासारखं. काकांकडे सुदैवाने नोंद करणारा कॉम्प्युटर एकच होता. तरी फाइलची कॉपी करून आधी कॉपीवर चालवली, मग काकू आणि मी चलनांची फाइल घेऊन बसलो आणि पडून असलेल्या मालाची एकेक तारीख कागदाशी ताडून पाहिली. दोन संध्याकाळी गेल्या. त्या यादीत मुदत संपायला तीन आठवडे राहिलेला अजून एक लॉट सापडला. तो त्याच आठवड्यात गाडीत भरून चाकणला गेला.

तिसरं काम, पुन्हा होऊ नये म्हणून. तारखेच्या कॉलमला फॉरमॅट द्या दिवस दोन अंकी, महिना तीन अक्षरी, वर्ष चार अंकी. म्हणजे पडद्यावर ०९-फेब-२०२४ अशा धाटणीत दिसेल. महिन्याचं नाव दिसलं की ऑपरेटर स्वतःच ओरडतो, "अरे, सप्टेंबर कसा आला?" सगळ्या सेटिंगमध्ये माझी सगळ्यात आवडती हीच, फुकट आणि एका मिनिटाची. फॉर्मवरच्या तारखेच्या खान्याला व्हॅलिडेशन रूलही द्या: आजच्या तारखेच्या पुढे नको आणि पंधरा दिवसांपेक्षा मागे नको. हा नियम टेबलापेक्षा फॉर्मवर ठेवा, जुन्या नोंदींशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

टेबलमध्ये एक जास्तीचा कॉलमही ठेवा, त्याची डिफॉल्ट व्हॅल्यू नाऊ. नोंद खरंच कधी झाली ते त्यात आपोआप पडतं. काकांच्या टेबलमध्ये हा कॉलम असता तर त्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

कंपनीच्या पोर्टलवरून सीएसव्ही फाइल आणून अ‍ॅक्सेसमध्ये ओढणाऱ्यांनी इम्पोर्ट विझार्डमधलं अ‍ॅडव्हान्स्ड बटण दाबून डेट ऑर्डर दिवस-महिना-वर्ष आहे का ते बघायचं. आणि एसक्यूएल किंवा कोड हाताने लिहिणाऱ्यांसाठी: दोन हॅश चिन्हांच्या मध्ये तारीख लिहिली की अ‍ॅक्सेस तिथे महिनाच आधी वाचतं, तुमचं विंडोज भारतात असलं तरी. क्वेरीच्या डिझाइन ग्रिडमध्ये मात्र विंडोजप्रमाणे चालतं. गोंधळ नको असेल तर कोडमध्ये वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहा, ते कुठेही उलटत नाही.

आकडे आणि नंबर

अशीच गप्प चूक आकड्यांत होते. नवीन टेबलमध्ये नंबर प्रकार निवडला की फील्ड साइज आपोआप लाँग इंटिजर येते. त्यात पूर्णांकच बसतो. सव्वादोन किलो ग्रीस विकलंत आणि २.२५ टाइप केलंत, तर साठतं २. डेसिमल प्लेसेस २ करून काही होत नाही, २.०० दिसेल इतकंच. वजन आणि माप यांना फील्ड साइज डेसिमल करून स्केलमध्ये किती दशांश हवेत ते लिहा, पैशांना करन्सी. माझ्या स्वतःच्या दुकानात पहिल्या वर्षी ग्रीस आणि वॉशर यांचा स्टॉक कधी जुळलाच नाही, त्याचं कारण हे. मी पोरावर संशय घेतला होता. नंतर त्याला सॉरी म्हणाले.

पार्ट नंबर, व्हेंडर कोड, एचएसएन, जीएसटी नंबर हे आकडे दिसले तरी टेक्स्टच ठेवा. पार्ट नंबरचं पुढचं शून्य गेलं की कंपनीचं गेट माल आत घेत नाही. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. फील्ड साइज १५ ठेवली तर निदान सोळावं अक्षर तरी आत येणार नाही.

बिल नंबरला ऑटोनंबर लावू नका. अर्धवट सोडलेल्या नोंदीचाही नंबर खर्ची पडतो आणि मध्ये भोकं पडतात. जीएसटीच्या नियम ४६ मध्ये बिलाला सलग क्रमांक हवा, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. ऑटोनंबर आतल्या आयडीसाठी ठेवा, बिल नंबर वेगळा.

कॉलमची नावं मराठीत ठेवायची हौस मलाही होती. टेबलमध्ये चालतं, पण पुढे कोड लिहायला गेलात की कोडच्या खिडकीत प्रश्नचिन्हं दिसतात. म्हणून नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस न देता, आणि कॅप्शनमध्ये मराठी. नुसतं डेट किंवा नेम असं नाव मात्र देऊ नका, ते अ‍ॅक्सेसचे स्वतःचे शब्द आहेत. चलनडेट, पार्टीनेम असं ठेवा.

ओरडणाऱ्या चुका

या बिचाऱ्या बऱ्या, निदान सांगतात तरी.

फाइल उघडल्यावर वर पिवळी पट्टी येते आणि बटणं चालत नाहीत: फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्टेड लोकेशन्स इथे तुमच्या फाइलचं फोल्डर जोडा. पूर्ण सी ड्राइव्ह जोडू नका, फक्त ते एक फोल्डर. व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेलवरून आलेल्या फाइलला लाल पट्टी आली, तर आधी पाठवणाऱ्याला फोन करून खात्री करा, मगच फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकवर टिक करा.

एंटर पॅरामीटर व्हॅल्यू असा डबा येतो आणि आपण घाबरून ओके दाबतो: क्वेरीत किंवा रिपोर्टमध्ये लिहिलेलं कॉलमचं नाव टेबलमधल्या नावाशी जुळत नाहीये. डब्यात जो शब्द दिसतो तोच चुकलेला शब्द.

ऑपरेशन मस्ट यूज अ‍ॅन अपडेटेबल क्वेरी: बऱ्याचदा फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसते, किंवा क्वेरीत बेरीज-गट केलेले असतात, त्यात नोंद बदलता येत नाही.

जुनी फाइल नव्या कॉम्प्युटरवर नेल्यावर कोड ६४ बिटसाठी बदला असा मेसेज: फाइल ३२ बिट ऑफिसवर बनलेली. कोड लिहिणाऱ्याला बोलवा, स्वतः खोडाखोड करू नका.

दोन कॉम्प्युटर, एक फाइल

दुसरा माणूस नोंदी करायला लागला की फाइल स्प्लिट करायलाच हवी. डेटाबेस टूल्समध्ये अ‍ॅक्सेस डेटाबेस नावाचं बटण आहे, ते टेबलं एका फाइलमध्ये आणि फॉर्म-रिपोर्ट दुसऱ्या फाइलमध्ये करून देतं. टेबलांची फाइल एका कॉम्प्युटरच्या शेअर फोल्डरमध्ये, फॉर्मची फाइल प्रत्येकाकडे आपापली. त्या शेअर फोल्डरमध्ये प्रत्येकाला फाइल बनवायची आणि पुसायची परवानगी हवी, कारण अ‍ॅक्सेस चालू असताना तिथे एक छोटी लॉक फाइल बनते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसली जाते. लाईट गेल्यावर ती तशीच राहिली असेल, तर सगळे कॉम्प्युटर खरंच बंद आहेत याची खात्री करून मगच हाताने पुसा.

जोडणी केबलनेच. वायफायवर अ‍ॅक्सेस चालतं, पण लिहिता लिहिता सिग्नल तुटला की फाइल खराब व्हायची भीती असते. शेडच्या पत्र्याखाली सिग्नल कसा असतो, ते तुम्हाला माहीत आहेच. आणि चालू फाइल गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये कधीच नाही. तिथे बंद केलेली बॅकअपची कॉपी ठेवा, हरकत नाही.

नोंदी पुसल्या तरी फाइल लहान होत नाही, आणि अ‍ॅक्सेसची एक फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही. म्हणून अधूनमधून कॉम्पॅक्ट अँड रिपेअर करायचं, सगळ्यांनी फाइल बंद केल्यावर आणि कॉपी काढल्यावर. कॉम्पॅक्ट चालू असताना लाईट गेली तर काय, हा प्रश्न आपल्या भागात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी हे काम बुधवारी संध्याकाळी करते. गुरुवारी आपली सुट्टी आणि देखभालीचा शटडाउन. टेबलांची फाइल असलेल्या कॉम्प्युटरला यूपीएस हवाच, नव्या माउसचे पैसे वाचवा पण तो घ्या. आणि महिन्यातून एकदा बॅकअपची कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटचं चलन दिसतंय का बघा. कधीच न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

दोन गोष्टी राहिल्या. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाची वही अ‍ॅक्सेसमध्ये ठेवू नका. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय बदललं याची बंद न करता येणारी नोंद लागते, अ‍ॅक्सेसमध्ये ती आपोआप नसते. जॉबवर्कचं आतलं रजिस्टर, टूलचा स्टॉक, गेट पास यासाठी खुशाल वापरा. आणि ऑफिस २०१६ किंवा २०१९ वर असाल तर त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. चालतं अजून, पण सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. नोंदी करणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरवर पूर्ण अ‍ॅक्सेस विकत घ्यायची गरज नाही, फॉर्म चालवायला अ‍ॅक्सेस रनटाइम फुकट मिळतं.

पुढच्या व्हिडिओत काकांच्याच धाटणीची फाइल स्प्लिट करून दाखवणार आहे. बघायला बसण्याआधी तुमच्या फाइलची एक कॉपी करून ठेवा. व्हिडिओ बघता बघताच तुम्ही बटणं दाबता, मला माहीत आहे.